मिरजेचा तंबोरा नांदेडला जाताना

तंबोरा दुरुस्त होऊन आलाय आणि आता तो लातूरहून नांदेडला, तुझ्या घरी राहणार. म्हणून सांगते ते नीट ऐक, बाळा.

आधी फेविकॉलचं. भोपळ्याला चीर गेली किंवा त्यावरच्या लाकडी तबलीचा जोड सुटला, की घरातलं कुणीतरी मदत म्हणून फेविकॉल नाहीतर एमसील घेऊन येईल. हात लावू देऊ नकोस. जुन्या वाद्यांचे जोड सरसाचे असतात. सरसाला ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो, म्हणूनच इतक्या वर्षांनीही कारागिराला तबली उचलून आत काम करता येतं. फ्रान्समधल्या मिरकूर गावात पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनं बनत आली, तिथंही सरसच वापरला, तो याच कारणासाठी. पक्का चिकटवलेला जोड पुढं कुणी उघडायला गेलं तर लाकूडच फाटतं. दुरुस्ती अशी हवी, की आपल्यानंतरच्या माणसाला ती सोडवता यावी.

दुसरं, आपली हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठक्क, पावसाळ्यात दमट. लाकूड आकसतं, फुगतं, आणि त्यातच जोड हलतात. कूलरच्या झोतात तंबोरा ठेवू नकोस. दिवसभर ओला वारा आणि लाइट गेली की कोरडा उकाडा, हे त्याला फार वाईट. पत्र्याची खोली नको, माळाही नको. गवसणी घालून आतल्या खोलीत ठेव. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नकोस. महिन्यातून एकदा भोपळा नीट बघ. बारीक छिद्राखाली ताजी पिवळसर भुकटी पडली असेल तर आत कीड जिवंत आहे.

खुंटी सरकली तर खडू लाव, तेल कधीच नाही.

जवारी बसली, आवाज चपटा लागला, तर आधी घोडीवर तारेखाली असलेला दोरा सरकवून बघ, मग नवा घालून बघ. तरीही झंकार आला नाही तरच घोडी घासायची, तीही जवारी काढणाऱ्याकडूनच. घासलेलं परत भरून येत नाही. घोडी बदललीच तर जुनी मागून घे आणि जपून ठेव. नव्या घोडीचं माप तिच्यावरूनच घेता येतं. चमक यावी म्हणून तबलीवर जाड पॉलिश चढवू देऊ नकोस. आवाज दबतो.

मोठं काम निघालं तर मिरजेलाच ने. तिथल्या शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून वाद्यं घडवायला घेतली ती एकोणिसाव्या शतकात, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांच्या वेळेपासून. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. १९२७ पासून बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ लातूरपासून पंढरपूरवरून मिरजेपर्यंत जोडलेले होते, आणि २०१६ च्या दुष्काळात आपल्या लातूरला पाणीसुद्धा मिरजेहूनच रेल्वेनं आलं. तेव्हा ते गाव लांबचं समजू नकोस.

नेताना तारा थोड्या उतरव. बसच्या डिकीत टाकू नकोस. भोपळ्याखाली हात देऊन शेजारीच धर. काम सांगताना काय बदलायचं याच्याआधी काय बदलायचं नाही ते सांग.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कारागिराचं घर चालतं ते कामावर. त्याच्याशी घासाघीस करू नकोस, सांगेल ते पैसे पुरे दे.