समोरची खुर्ची

नोटरीची सनद भिंतीवर लागली, पाच सेंटिमीटरचा गोल शिक्काही करून आणलास. आता चार दिवसांत चहावाला पोऱ्यासुद्धा तुला नोटरीबाई म्हणायला लागेल. काकाने काही सांगायचं तर याच आठवड्यात, नंतर तुला ऐकायला फुरसत नसेल.

गृहकर्जाचे कागद तुझ्याकडे सगळ्यात जास्त येतील. ते माणसांबरोबर येत नाहीत, पहिली गंमत तीच. लोन करून देणारा एजंट गठ्ठा काखोटीला मारून येतो. सह्या झालेल्या, तारखेची जागा कोरी, आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम, डिस्बर्समेंट अडकलंय, फक्त शिक्का." पोरगा वाईट नसतो, त्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो. त्याला चहा पाज आणि गठ्ठा परत दे.

मी नवा असताना एकदा परत नाही दिला. दोघा भावांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र होतं, राहत्या घरावर कर्ज काढायला. थोरला समोर बसलेला, धाकट्याची सही आधीच झालेली. "आत्ताच गेला हो, बोटीवरची नोकरी, घाईत होता." मी शिक्का मारला. सहा वर्षांनी भाऊ भांडले आणि मला साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलाने कायद्याचं काही विचारलं नाही. म्हणाला, "धाकटे साहेब तुमच्या कुठल्या बाजूच्या खुर्चीवर बसले होते?" मी "उजव्या" म्हणालो. मग त्याने धाकट्याची सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, काढली. त्या तारखेला माणूस भर समुद्रात. कोर्टात पंखा चालू होता, तरी सदरा पाठीला चिकटला होता. सनद वाचली ती नशिबाने.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: सही करणारा समोरच्या खुर्चीत, मूळ आधार-पॅन टेबलावर, फोटो आणि चेहरा दोन्हीकडे नीट नजर. घरून सही करून आणली असेल तर पुन्हा माझ्यासमोर करायची. नोंदवहीतही त्याच्या हातची सही घ्यायची. ही वही जप. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला वर्षाचं विवरण द्यायचं ते तिच्यावरूनच, आणि दहा वर्षांनी तुझ्या बाजूने बोलणारी साक्षीदार तीच.

"समजलं का?" असं कधी विचारू नकोस. त्यावर सगळे हो म्हणतात. "हे कशाचे कागद आहेत?" असं विचार. एका आजोबांनी मला सांगितलं, "नातवाचं काहीतरी आहे." हातात जामिनाचं हमीपत्र, तेही अख्खं इंग्रजीत. एजंटला बाहेर बसवलं आणि मराठीत एकेक कलम सांगितलं. आजोबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्याने नाही भरले तर माझ्या दारात?" "हो." दहा मिनिटं गप्प बसले, मग सावकाश सही केली. करायला हवी होती की नको, तो त्यांच्या घरचा प्रश्न. कशावर करतोय ते त्यांना ठाऊक होतं, आपलं काम तेवढंच.

स्टॅम्पपेपर उलटून बघ. कोणाच्या नावावर घेतलाय? एजंटच्या नावाचा चालत नाही, कागदातल्या कुठल्या तरी पक्षकाराच्या नावाचा हवा. खरेदीला सहा महिने होऊन गेले असतील तर तोही बाद. 2024 च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या जागी पाचशेचा लागतो, त्यामुळे जुना उरलेला खपवायचा मोह लोकांना फार होतो.

नावांचा घोळ हा बायकांच्या वाट्याचा. शेअर सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, पासबुकात स्पेलिंग तिसरंच. 'या सर्व व्यक्ती एकच' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या कागदावर कुठलं नाव, अक्षर न् अक्षर तसंच उतरवून घे, नाहीतर बँक आठ दिवसांनी तिला पुन्हा तुझ्या दारात पाठवेल.

परदेशातल्या मुलाचं कुलमुखत्यारपत्र आलं तर ज्या पाकिटातून आलं ते फेकू देऊ नकोस. राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा, आणि पोहोचल्याची तारीख कुरिअरच्या पाकिटावरच असते.

आणि साठेखत नोटरी करून 'घर घेतलं' म्हणणाऱ्यांना तोंडावर सांग की ते नोंदवावं लागतं, दुय्यम निबंधकाकडे, सही झाल्यापासून चार महिन्यांत. तुझा शिक्का त्याची जागा घेत नाही. बँकेकडे मूळ कागद गहाण ठेवल्याची नोटीससुद्धा तीस दिवसांत तिकडेच द्यायची असते. गिऱ्हाईक नाराज होईल, फीही जाईल. जाऊ दे.

मूळ करारनामा हरवला म्हणून इंडेम्निटी बाँड करायला कोणी आलं, तर आधी विचार, हरवला कोणाकडून? माझ्याकडे एक मास्तर आले होते, कर्ज फेडून मोकळे झालेले. कागद हरवले बँकेने आणि बाँड मास्तरांनी लिहून द्यायचा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: 1 डिसेंबर 2023 पासून, कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. गहाळ झाले तर दुय्यम प्रती मिळवायला मदत करायची आणि तो खर्चही बँकेनेच सोसायचा, त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात. मास्तरांना तो नियम छापून दिला. बाँड केला नाही, फी घेतली नाही. बाहेर पडताना म्हणाले, "मग मी तुमच्याकडे आलोच कशाला?"

टेबल जुनं चालेल. समोरची खुर्ची मात्र हातांची घे, सही करून उठताना म्हाताऱ्या माणसांचा हात आधार शोधत असतो.