तीनशेचा प्लॅन घेण्याआधी

अंबाजोगाई

चि. भाचीस,


इंटरनेटचा पन्नास एमबीपीएसचा प्लॅन सोडून तीनशेचा घ्यायचा, वर्षाचे पैसे एकदम भरायचे, असा तुझा मेसेज आला. मी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात केली, त्यामुळे नुसतं ‘घे’ म्हणून मोकळं होववत नाही. पैसे अजून भरू नकोस.

शिवरात्रीला केदारेश्वराच्या दर्शनाला धर्मापुरीला आलो, तेव्हा तुझा राऊटर पाहिला. बैठकीतल्या देवळीत, पितळी डब्यांच्या मागे. भिंत हातभर जाड, दगडमातीची, आणि तू कामाला बसतेस माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत. आपण राऊटरला केबल लावून लॅपटॉपवर वेग मोजला तर ४८ आला आणि माडीवर वायफायवर ६. हौद काठोकाठ भरतोय आणि वरच्या नळाला करंगळीएवढी धार, असं ते आहे. हौदात आणखी पाणी सोडून धार वाढणार नाही.

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन जातीच्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून थोडी पार होते पण वेग कमी देते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंत आली की तिथेच थकते. पत्रा तर दोघींनाही परतवून लावतो. म्हणून राऊटरपासून माडीपर्यंत कॅट-सिक्स केबल ओढ आणि वर दुसरा साधा राऊटर लाव. केबल शंभर मीटरपर्यंत वेग धरून ठेवते, तुमच्या घरात वीस मीटरही लागायची नाही. फक्त तार शुद्ध तांब्याची माग. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असली स्वस्त तार बाजारात सर्रास मिळते, ती घेऊ नकोस.

राऊटरचं भोकही बघून घे. कित्येक स्वस्त राऊटरला केबलचं भोक शंभर एमबीपीएसचंच असतं. त्यावर तीनशेचा प्लॅन घेतला तरी केबलमधून नव्वद-पंच्याण्णवच्या वर येणार नाही. खोक्यावर ‘गिगाबिट’ लिहिलेलं पाहिजे.

आता तुझ्या कामाचा हिशोब. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटचा असतो, फाईल मेगाबाइटची. एका बाइटला आठ बिट. तू पुण्याला पाठवतेस ती दोन जीबीची फाईल म्हणजे १६,००० मेगाबिट. ६ च्या वेगाने पाऊण तास जातो, ५० ने साडेपाच मिनिटं. पण ही फाईल जाते अपलोडच्या वाटेने. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न डाउनलोडचा नको, अपलोड किती ते विचार. दुसरा प्रश्न, महिन्याला किती जीबीनंतर वेग खाली आणता आणि किती खाली? तिसरा, जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरलाय का, आणि जोडणीचे व फायबर जिथे येतं त्या भिंतीवरच्या डबीचे पैसे परत मिळतात का?

भारतनेटची योजना २०११ साली मंजूर झाली, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं म्हणून. पण ग्रामपंचायतीपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचा शेवटचा तुकडा कुणीतरी माणूसच ओढतो आणि तुटला की तोच जोडतो. माझ्या मते तुझी निवड त्या माणसावर ठरायला हवी. फायबरमधली काच केसाएवढी बारीक असते. पाइपलाइनसाठी जेसीबी लागला की ती तुटते, आणि जोडायला दोन टोकं वितळवून एक करणारं यंत्र लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. शेजारच्या चार घरांत विचार, मागच्या पावसाळ्यात लाइन गेली तेव्हा किती दिवसांनी आली? जिची लाइन दोन दिवसांत आली ती कंपनी शंभर रुपये महाग असली तरी घे.

घरातली फायबरची पिवळी दोरीही मी पाहिली, दाराच्या चौकटीशी काटकोनात दुमडलेली. काच तुटलेली नाही, पण तिथे प्रकाश गळतो. तिला तळहाताएवढा मोठा वळसा दे आणि खिळा काढून टाक. डबीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला तर तुझा राऊटर बंद-चालू करून काही होणार नाही, बाहेरची लाइन गेली असं समजून थेट तक्रार नोंदव.

लाइट जाते तेव्हा डबी आणि राऊटर दोन्ही चालायला हवेत. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. आधी अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाच, मग तेवढाच घे. विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढ. काचेतून वीज येत नाही, पण लाइटच्या तारेतून येते. तांब्याच्या तारांच्या काळात मी जळालेले मोडेम पोत्याने पाहिलेत. मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव, तुझ्या मीटिंगच्या दिवशी तेच सावरेल.

वर दुसरा राऊटर बसला, ५० पूर्ण मिळायला लागले आणि तरीही संध्याकाळी सगळे घरी असताना अडकायला लागलं, तर शंभरचा प्लॅन एक महिन्यासाठी घे. वेग कंपनीच्या ऑफिसातून बदलतो, तार तीच राहते, म्हणून वर्षभर बांधून घ्यायची घाई नको.

केबल तू आणून ठेव. टोकाचे जोड दाबायची पकड माझ्याकडे आहे, रविवारी दुपारच्या गाडीने घेऊन येतो. तोवर देवळीतले पितळी डबे तेवढे हलव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा