चाकांवरची खोली

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने येतात. यांपैकी उल्हासनगरची हकिकत मोठी विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची मोठी छावणी होती. तिला 'कल्याण कॅम्प' म्हणत. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना याच छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसवली गेली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर १' ते 'कॅम्प नंबर ५' असेच सांगतात.

बराकी बांधल्या होत्या सैनिकांसाठी. त्यांत संसार मांडले निर्वासितांनी. एकेका बराकीत आडोसे घालून अनेक कुटुंबे राहू लागली. एका कामासाठी केलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावली की वस्तू तीच राहते, पण प्रश्न बदलतात. ऊन कसे अडवायचे? हवा कोठून घ्यायची? ओल कशी टाळायची?

हेच प्रश्न आज आपण एका लहानशा वस्तूला विचारणार आहोत. ती म्हणजे मालवाहू ट्रेलर. मोटारीमागे किंवा जीपमागे जोडलेली, पत्र्याची बंद पेटी असलेली दुचाकी गाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात दोन माणसांना झोपण्याची सोय करून फिरती खोली बनवायची आहे. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये सहलीसाठी घोड्यांची फिरती खोली मुद्दाम बनवून घेतली होती. 'वाँडरर' हे तिचे नाव. आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत वेल्डिंगची कामे होतात आणि उल्हासनगरच्या बाजारात सुतारकाम व फर्निचर मिळते. तेव्हा कारागिरांची वाण नाही. पण करवत हाती घेण्यापूर्वी थोडे गणित करायला हवे. नाहीतर ही खोली जिवावर बेतू शकते.

आपला ट्रेलर

उदाहरणासाठी एक ट्रेलर घेऊ. पेटीची लांबी २.४ मीटर, रुंदी १.५ मीटर आणि उंची १.५ मीटर. पलंग, कपाट वगैरे बसवून एकूण वस्तुमान ६०० किलोग्रॅम. दोन चाकांना जोडणारा ॲक्सल पेटीच्या मध्याखाली आहे. पुढे दांडा असून ॲक्सलपासून दांड्याच्या टोकावरील जोडणीपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे.

पहिला प्रश्न : ओझे कोठे?

बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. ओझे मागे गेले की गाडी 'उलाळ' होते, म्हणजे मागे झुकते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आले तर सारा भार बैलांच्या मानेवर पडतो. म्हणून ओझे आसाच्या किंचित पुढे ठेवतात. ट्रेलरचा नियमही हाच. अनुभवाने असे ठरले आहे की एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा.

आपल्या ट्रेलरमध्ये १० टक्के म्हणजे ६० किलोग्रॅम. ॲक्सलभोवती परिबल मोजू. जोडणीचे परिबल : ६० × ३ = १८०. ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पुढे जेवढा असेल तेवढ्या अंतराने ६०० ला गुणले असता १८० यायला हवेत. १८० ÷ ६०० = ०.३. म्हणजे गुरुत्वमध्य ॲक्सलच्या फक्त ३० सेंटिमीटर पुढे हवा.

आता ६० लिटर पाण्याची टाकी बसवायची आहे. सोयीसाठी कोणी ती मागच्या दाराजवळ, ॲक्सलच्या १.२ मीटर मागे बसवली. ६० × १.२ = ७२, आणि ७२ ÷ ३ = २४. जोडणीवरचा भार २४ किलोग्रॅमने घटून ३६ उरला. एकूण वजन मात्र ६६० झाले. हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते! तीच टाकी १.२ मीटर पुढे बसवली तर भार ८४ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे पावणेतेरा टक्के होतो.

मागे ओझे असलेला ट्रेलर उभा असताना निमूट असतो. वेगात असताना मात्र वाऱ्याचा झोत किंवा खड्डा लागला की तो डावीउजवीकडे डुलू लागतो. पुढून जड ट्रेलरचे डुलणे आपोआप शमते. मागून जड ट्रेलरचे वेगाबरोबर वाढत जाते आणि शेवटी तो पुढच्या मोटारीलाही फिरवून टाकतो. टाकीची जागा हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, तो असा!

करून पाहा : खेळण्यातल्या ट्रकमागे काड्यापेटीचा दुचाकी ट्रेलर सैलसर जोडा. गुळगुळीत लादीवर ट्रक सरळ ओढा आणि मित्राला पेन्सिलीने ट्रेलरला बाजूने हलका धक्का द्यायला सांगा. आधी नाणी ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवा, मग मागच्या भागात. प्रत्येक वेळी हळू आणि वेगात, दहा-दहा वेळा प्रयोग करून वहीत नोंद ठेवा.

दुसरा प्रश्न : ऊन

बदलापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात जातो. समुद्राचा गार वारा येथवर उशिरा पोहोचतो. अशा उन्हात पत्र्याची पेटी म्हणजे भट्टीच. पोलादातून उष्णता थर्मोकोलच्या हजारपटींहून अधिक सहज वाहते. म्हणून पत्र्याच्या आतून उष्णतारोधकाचा थर देतात.

किती फरक पडेल? छताचे क्षेत्रफळ २.४ × १.५ = ३.६ चौरस मीटर. थर्मोकोलची जाडी २५ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंच्या तापमानांत २० अंशांचा फरक धरू. थर्मोकोलची उष्णतावाहकता सुमारे ०.०३५ आहे. ०.०३५ × ३.६ × २० ÷ ०.०२५ हे गणित केले की सुमारे १०० वॅट येतात. शांत बसलेला माणूस जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे छतातून एक जादा माणूस आत आला असे समजा. जाडी दुप्पट केली तर तो अर्धाच येईल. शिवाय छताला बाहेरून पांढरा रंग दिला तर बरेचसे ऊन परतच जाईल.

एक सावधगिरी. थर्मोकोल पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तो उघडा ठेवू नये, प्लायवुडने पूर्ण झाकावा आणि विजेच्या तारा त्यातून नेऊ नयेत.

करून पाहा : एकाच मापाचे तीन पत्र्याचे डबे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला बाहेरून पांढरा रंग द्या, तिसऱ्याला आतून थर्मोकोल लावा. झाकणाला भोक पाडून प्रत्येकात तापमापी बसवा. तिन्ही डबे तासभर उन्हात ठेवून दर १० मिनिटांनी तापमान लिहा. नंतर सावलीत आणून कोणता डबा सर्वांत सावकाश थंड होतो तेही पाहा.

तिसरा प्रश्न : श्वास

हा सर्वांत महत्त्वाचा. ऊन, पाऊस, डास अडवता अडवता आपण पेटी हवाबंद करतो. पेटीचे घनफळ २.४ × १.५ × १.५ = ५.४ घनमीटर, म्हणजे ५४०० लिटर. झोपलेला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. दोन माणसे, आठ तास : २ × १२ × ८ = १९२ लिटर. १९२ ला ५४०० ने भागले की साडेतीन टक्क्यांहून थोडे जास्त येते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते. तीन टक्क्यांच्या पुढे डोके दुखते, धाप लागते. शिवाय त्या दोघांच्या श्वासातून व घामातून रात्रभरात अर्धा लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गार पत्र्यावर त्याचे थेंब जमतात, मग प्लायवुड कुजते आणि बुरशी धरते.

उपाय सोपा आहे. एका बाजूला जमिनीजवळ आणि समोरच्या बाजूला छताजवळ कायमची उघडी झरोकी ठेवावीत. आतली उबदार हवा हलकी होऊन वरून बाहेर जाते आणि खालून ताजी हवा येते. कोकणपट्टीचा पाऊस आडवा येतो, म्हणून झरोक्यांवर उतरत्या पट्ट्या व आतून जाळी लावावी.

आत शेगडी, स्टोव्ह किंवा कोळसा कधीही पेटवू नये. अपुऱ्या हवेत जळण जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही मिळत नाही. स्वयंपाक बाहेरच करावा. गॅसचा सिलिंडरही बाहेरच असावा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर तळाशी साचून राहतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार वाहनात मनाप्रमाणे करता येत नाहीत. म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले आहे. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. तो मुक्कामासाठी आहे, प्रवासासाठी नाही.

ट्रेलर सर्वांनाच मिळणार नाही. पण पत्र्याच्या छपराची खोली, बंद दुकान, रात्री पहारेकऱ्याची टपरी तुमच्या आसपास नक्कीच आहे. तेथेही ऊन, ओल आणि श्वास यांचे गणित हेच असते.

तुम्हीच सोडवा

१. पाण्याची टाकी बरोबर ॲक्सलवर ठेवली तर जोडणीवर एकूण वजनाच्या किती टक्के भार येईल? प्रवासात टाकीतील पाणी संपले तर?

२. आपल्या पेटीत एकच माणूस सहा तास झोपला आणि झरोके बंद राहिले, तर कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण किती होईल?

३. तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजा. दारे-खिडक्या बंद असताना हेच गणित तुमच्या वर्गाला लावा. उत्तर शिक्षकांना दाखवा आणि खिडक्या उघडा!