वस्तीवरून विहिरीची मोटार: एका तारजोडीचा खर्च

रात्रपाळीची थ्री फेज वीज आली की अंधारात विहिरीवर जायचं कोणी, हा करमाळा तालुक्यात वस्तीवस्तीवरचा प्रश्न. मोबाईल स्टार्टरने तो बराच सोडवला. पुण्याचं ‘नॅनो गणेश’ हे त्यातलं जुनं नाव. पण त्याला रेंज लागते, रिचार्ज लागतो. विहीर तीनशे-चारशे मीटरवर असेल तर टेलिफोनच्या दोन तारांची जोडी आजही कामाची. तिच्यावरून मोटार चालू-बंद होते आणि विहिरीवरचा आवाजही घरात येतो. आवाज ही चैन नव्हे. मोटार पाणी ओढतेय, हवा घेतेय की एक फेज गेल्यामुळे नुसती घुमतेय, हे कानाला लगेच कळतं.

एकच मोटार असेल तर स्वस्त पद्धत घ्या. जोडीवर २४ व्होल्ट डीसी सोडायचा: सुलट दिला की चालूचा रिले ओढतो, उलट दिला की बंदचा. आवाज ६०० ओहमच्या ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचा आणि डीसी कपॅसिटरने अडवायचा. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या ३०० मीटर जोडीचा जाऊन-येऊन रोध ५० ओहमच्या आसपास असतो. छोट्या रिलेला त्याचा त्रास नाही. दोन मोटारी, व्हॉल्व्ह, दिवा असं सगळं हवं असेल तर टेलिफोनच्या बटणांचे सूर वापरा. प्रत्येक बटण दोन सूर एकदम सोडतं; ‘५’चे ७७० आणि १३३६ हर्ट्झ. बोलण्यातला एखादा सूर चुकून आज्ञा ठरू नये म्हणून संकेत दोन आकडी ठेवा.

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. लेखी दर मागा आणि जीएसटी धरलाय का ते विचारा. पहिल्या पद्धतीचं सामान हजार-दीड हजारात बसतं, दुसरीचं दोन-अडीच हजारांत. मजुरी दीड-दोन हजार. सुटे भाग गावात मिळाले नाहीत तर पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतील. खरा पैसा जमिनीत जातो. साधी केबल मीटरला ८ ते १५ रुपये, पण तिला पाइप हवा. घुशी सोडत नाहीत. जेलीभरली आर्मर्ड केबल ३५ ते ६० रुपये, म्हणजे ३०० मीटरला साडेदहा ते अठरा हजार. चारीसाठी जेसीबी तासाला हजार-बाराशे. म्हणून पाइपलाइनची चारी उघडी असतानाच केबल टाकून घ्या. विजेची केबल मात्र त्याच पाइपात घालू नका: आवाजात घूं येईल, आणि इन्सुलेशन फाटलं तर जिवावर बेतेल.

दोन ठिकाणी काटकसर नको. स्टार्टरच्या कॉइलवर बहुधा ४१५ व्होल्ट असतात आणि छोटा रिले २५० व्होल्टपर्यंतचाच. मध्ये योग्य कॉन्टॅक्टर बसवा आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. दुसरं, दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग. वळवाच्या विजांपुढे उघडी जोडी टिकत नाही.

उजनीच्या बॅकवॉटरवरून पाणी उचलणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. पाणी उतरेल तशी मोटार पुढे सरकवावी लागते आणि पुरलेली तार मागेच राहते. त्यांनी तीन ते सहा हजारांचा मोबाईल स्टार्टर घ्यावा. ड्राय रनचं संरक्षण असलेलाच.