कृत्तिका : निरपराध मातांचे नक्षत्र

वारकरी मायबापहो, कार्तिकीची वारी आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. पण या महिन्याला ‘कार्तिक’ का म्हणावे, असे नातवाने विचारले तर पुष्कळांची पंचाईत होते. उत्तर सोपे आहे. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो तो कार्तिक. रात्रीचा पहिला प्रहर उलटला म्हणजे वाळवंटात उभे राहून पूर्वेकडे पाहावे. तांबूस रोहिणीच्या वरच्या अंगाला बारीक तारकांचा जो झुबका दिसतो, त्याच कृत्तिका. साध्या नजरेला सहा दिसतात, नजर तीक्ष्ण असली तर सात. दुर्बिणीतून पाहणारे म्हणतात, तेथे हजारावर तारे आहेत, आणि त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षे लागतात. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा किरण निघाला तेव्हा पैठणास नाथमहाराज देहाने नांदत होते!

हे नक्षत्र फार जुन्या मानाचे. आज आपण अश्विनीपासून मोजतो, पण वेदकाळच्या याद्या कृत्तिकांपासून सुरू होतात. देवता अग्नी. तैत्तिरीय शाखेत सात कृत्तिकांची नावे आहेत. त्यांत अंबा म्हणजे आई आहे, आणि अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती अशा ढग आणणाऱ्या, पाऊस पाडणाऱ्याही आहेत. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. आज पाहाल तर त्या ठीक पूर्वेस न उगवता बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. मग ग्रंथ खोटा का? नव्हे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याची जागा सरकते. कोकणातील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ छापले. त्यांनी गणित करून दाखविले की, कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत तो काळ आजपासून सुमारे ५,००० वर्षांमागचा. ग्रंथाचा काळ त्यावरून ठरवावा की नाही, याविषयी पंडितांत वाद आहे. पण आकाशाचे गणित चोख आहे.

आता कथा. रामायणात ती सरळ आहे. शरवणात बालक जन्मले, त्याला पाजायला सहा कृत्तिका आल्या. कोणाही आईचे मन मोडू नये म्हणून बाळाने सहा मुखे केली आणि सहाजणींचे दूध प्याले. म्हणून तो षडानन, म्हणून कार्तिकेय.

महाभारताच्या वनपर्वात मात्र हीच कथा काळीज कापणारी आहे. तेथे या सहाजणी म्हणजे सप्तर्षींच्या पत्नी. अग्नीचे मन त्यांच्यावर गेले, परंतु त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. दक्षकन्या स्वाहा अग्नीवर आसक्त होती. तिने एकेका ऋषिपत्नीचे रूप घेऊन सहा वेळा त्याला गाठले. अरुंधतीचे रूप तेवढे तिला घेता आले नाही. पुढे स्कंद जन्मला आणि लोक बोलू लागले की, या सहाजणीच त्याच्या आया. ऋषींनी सहाही पत्नींना टाकले.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ही कथा आम्ही कीर्तनात अनेक वर्षे अरुंधतीच्या महिम्यासाठी लावीत असू. ‘सातांत एकच टिकली’ असे म्हणून टाळी घेत असू. एका गावी कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माउली बुक्का लावून घ्यायला आली, आणि हळूच म्हणाली, “बुवा, त्या सहाजणींनी केलं काय होतं? आणि खरं कळल्यावर तरी त्यांना घरी नेलं का हो?” आमच्या तोंडून शब्द फुटेना. पाठशाळेत शिकलेले सारे त्या क्षणी पांगळे झाले.

घरी येऊन वनपर्व उघडले. तेथे स्पष्ट आहे. स्वाहेने स्वतः सांगितले की, हा पुत्र माझा. विश्वामित्रांना सारे ठाऊक होते, त्यांनीही ऋषींना सांगितले की, तुमच्या पत्नींचा अपराध नाही. ऋषींनी ऐकले, तरी त्यांना टाकलेच! सत्य कळले, पण लोकापवादापुढे त्याचे काही चालले नाही. तेव्हा त्या सहाजणी स्कंदाकडे आल्या. म्हणाल्या, आम्हांस विनाकारण टाकले, तू आमचा पुत्र हो. त्याने चौकशी केली नाही, पुरावा मागितला नाही. ‘तुम्ही माझ्या माता’ एवढेच म्हणाला. अभिजित नक्षत्राची जागा रिकामी झाली होती. तेथे कृत्तिका गेल्या, असे व्यास सांगतात.

विचार करा, ऋषींच्या घरी ज्यांना थारा मिळाला नाही, त्यांच्यावरून आपण महिन्याचे नाव घेतो. अरुंधती थोर खरीच, पण तिची थोरवी गाताना सहा निरपराध बायकांना डाग लावण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तेव्हापासून आम्ही ती टाळी सोडली.

आपल्या गावातही कोणी लेक-सून खोट्या बोलण्यापायी उंबऱ्याबाहेर उभी असेल. खरे ठाऊक असून आपण गप्प बसलो, तर आपण त्या ऋषींच्याच पंक्तीला. यंदा कार्तिकीस कृत्तिका दिसल्या म्हणजे हात जोडावे, आणि घरी परतल्यावर तिला ‘आई, आत ये’ म्हणावे. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!