एक वही, अनेक कारकून

संगणकाची अंतर्व्यवस्था हा कला शाखेच्या विद्यार्थ्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या यंत्रावर प्रबंधिका लिहावयाची तेच अडून बसले, म्हणजे विषय आपोआप आपला होतो. माझ्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. एके सकाळी एक पॅकेज बसवू लागलो, तो उत्तर आले : कुलूप मिळत नाही, ते अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेकडे आहे. उतावीळपणे मी कुलपाच्या फाइलीच पुसून टाकल्या. प्रस्तुत अभ्यासाचे मूळ त्या चुकीत आहे.

उबुंटूत, तशीच ती जिच्यापासून निघाली त्या डेबियनमध्ये, पॅकेजे बसवण्याचे प्रत्यक्ष काम ‘डीपीकेजी’ हे साधन करते. कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, काम पुरे झाले की अर्धवट राहिले, ही सारी नोंद एकाच फाइलीत असते. हुकूम सोडणारे मात्र अनेक : टर्मिनलवरील ‘एपीटी’, ‘सिनॅप्टिक’, शिवाय न विचारता सुरक्षेच्या सुधारणा बसवणारे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’. त्या सकाळी वही या शेवटच्या कारकुनाच्या हाती होती. दोघांनी एकाच वेळी एकाच वहीत खरडू नये, एवढाच कुलपाचा हेतू.

गंमत अशी की, ती फाइल म्हणजे कुलूप नव्हेच. फाइल नेहमीच तेथे असते; चालू प्रक्रिया तिच्यावर कुलूप घालते आणि प्रक्रिया संपली की ते आपोआप निघते. फाइल पुसली, तर दुसरे साधन त्याच नावाची नवी फाइल करून तिला आपले कुलूप घालते, आणि मग दोघेही निर्धास्तपणे आत! माझी काही पॅकेजे अर्धवट राहिली. डीपीकेजीकडून उरलेली मांडणी पुरी करवून घेण्यात सबंध दिवस गेला.

तरी हा तंटा बरा, कारण तो बोलतो. पायथॉन भाषेचे ‘पिप’ हे साधन डीपीकेजीच्या वहीत काहीच लिहीत नाही. रूटच्या अधिकाराने पिपकरवी एखादी लायब्ररी बसवली, तर ती निराळ्या जागी जाते. पण पायथॉन आधी तीच जागा पाहतो, आणि एपीटीने बसवलेली प्रत झाकली जाते. तिच्यावर विसंबलेले कार्यक्रम एकाएकी बिघडू शकतात. एपीटीला विचारावे, तर तो म्हणतो सर्व ठीक आहे. त्याच्या वहीत ते खरोखरच ठीक असते! २०२३ मध्ये डेबियन १२ व उबुंटू २३.०४ यांच्यापासून पिप प्रणालीच्या जागेत काही बसवण्यास नकार देतो आणि स्वतंत्र ‘आभासी वातावरण’ करावयास सुचवतो. अनेकांना तो जाच वाटतो. मला वाटत नाही.

प्रबंधिकेसाठी शब्दगणना करणारी माझी पायथॉनची साधने आता अशा वातावरणातच असतात. आणि पुन्हा कुलूप दिसलेच, तर मी प्रक्रियेचा क्रमांक पाहतो आणि चहा ठेवावयास उठतो.