साउंडच्या धंद्यातील कॉम्प्रेसर : खरेदीपूर्वी काय पाहावे

कॉम्प्रेसर म्हटले की आमच्या तेरखेड्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावात पंक्चरवाल्याची हवेची टाकी डोळ्यांपुढे येते. येथे विषय वेगळा आहे. लग्न, जलसा, कव्वाली, उरूस यांसाठी साउंड भाड्याने देणाऱ्या बांधवांच्या रॅकमध्ये बसणारी, दोन बोटे उंचीची एक पेटी असते. तिलाही कॉम्प्रेसरच म्हणतात. आम्ही कापडवाले, पण कनाती आणि झालरीचे कापड घेणारे गिऱ्हाईकच पुष्कळदा साउंडचाही धंदा करते, त्यामुळे या पेटीची चर्चा आमच्या गादीवर नेहमी होते. चार-दोन कामाच्या गोष्टी येथे मांडीत आहोत.

डेसिबल हा शब्द तेरखेड्याच्या फटाके कारागिरांना नवा नाही. १९९९ च्या नियमाप्रमाणे फटाका फुटतो तेथून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. या मापाची चाल मात्र गजाच्या मापासारखी सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की अँप्लिफायरला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबल वाढले की दहापट. आता कव्वाल हळू आवाजात शेर म्हणतो आणि पुढच्याच क्षणी तान उंच फेकतो. फरक १० डेसिबलचा धरला, तर जो अँप्लिफायर १०० वॅटवर आरामात चालला होता त्याच्याकडे एकदम १००० वॅटची मागणी येते. ते त्याला झेपत नाही, आवाज फाटतो आणि हॉर्नचा डायफ्राम जळतो. मिक्सरवरचा माणूस कितीही चपळ असला तरी त्याचे बोट तानेच्या मागेच राहते.

कॉम्प्रेसर हे काम स्वतः करतो. एक हद्द ठरवून द्यायची, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. हद्दीच्या आतला आवाज जसाच्या तसा जातो. हद्दीवर गेलेला आवाज रेशोप्रमाणे आटतो. रेशो ४:१ असेल आणि आवाज हद्दीच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर फक्त ३ डेसिबल वर जातो. ९ डेसिबल कापले गेले. किती कापले हे पेटीवरच्या दिव्यांची ओळ दाखवते. गाण्याच्या माइकवर रेशो ३:१ ठेवावा आणि दिवे ६ डेसिबलच्या आत खेळते ठेवावेत. नेहमी त्यापुढे जात असतील तर थ्रेशोल्ड वर उचलावा. अटॅक म्हणजे दाबायला लागणारा वेळ, रिलीज म्हणजे सोडायला लागणारा. ढोलकीवर अटॅक फार जलद ठेवला तर थापच मरते आणि टरफल तेवढे ऐकू येते. तेथे २० ते ३० मिलिसेकंद ठीक पडतात.

बाजारात नावे पुष्कळ आहेत. डेव्हिड ब्लॅकमर यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या डीबीएक्स कंपनीच्या पेट्या आपल्याकडच्या रॅकमध्येही दिसतात. २६६ एक्सएल मध्ये दोन चॅनल आहेत आणि ऑटो बटण आहे; नवख्या हाताने ते दाबून ठेवावे. १६६ एक्सएल मध्ये याखेरीज शेवटी एक वेगळा लिमिटर आहे, तो अचानक आलेली उसळी अडवतो. माइक खाली पडण्याचे प्रकार मंडपात रोजचेच, म्हणून जुन्या मालात आमची पसंती १६६ ला. बेहरिंगरच्या एमडीएक्स २६०० मध्येही लिमिटर आहे. ११७६ किंवा एलए-२ए ही स्टुडिओतील मोठी नावे ऐकून कोणी मोहात पडू नये. त्यांची सिफत खरी आहे, पण ट्रॉलीतून धूळ खात फिरणाऱ्या सामानात तेवढा पैसा अडकवणे हा तोट्याचा व्यवहार.

त्याआधी एक सवाल. मिक्सर बदलायचाच असेल तर कॉम्प्रेसर घेऊच नये. बेहरिंगरचा एक्स ३२ २०१२ मध्ये आला तेव्हापासून परवडणाऱ्या डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलला कॉम्प्रेसर आतच मिळू लागला. ज्यांचा १२ किंवा १६ चॅनलचा अ‍ॅनालॉग मिक्सर चांगला चालू आहे त्यांनीच दोन चॅनलची एक पेटी घ्यावी. तीही मिक्सरच्या पाठीवर इन्सर्टची भोके आहेत की नाहीत हे पाहूनच. लहान मिक्सरला ती कधी ठरावीक चॅनललाच असतात, कधी मुळीच नसतात.

जोडणीतली एक खोच पुष्कळांना नडते. कॉम्प्रेसरने कापलेला आवाज भरून काढायला आउटपुटचे बटण ६ डेसिबल वाढवले जाते. गायक गप्प झाला की कॉम्प्रेसर दाबणे सोडतो, पण वाढवलेले ६ डेसिबल तसेच राहतात. माइक तेवढा तापतो आणि शिटी मारतो. चॅनलच्या इन्सर्टमध्ये पेटी लावली तर बहुतेक मिक्सरमध्ये गायकापुढच्या मॉनिटरलाही हाच दाबलेला आवाज जातो. गायकाला स्वतःचा जोर ऐकू येत नाही, तो आणखी ओरडतो, आणि शिटी दोन्हीकडून येते. म्हणून मिक्सरला ग्रुप असतील तर गाण्याचे माइक एका ग्रुपवर घ्यावेत आणि पेटी त्या ग्रुपच्या इन्सर्टमध्ये लावावी. मॉनिटर मोकळा राहतो. वाज आणि तकरीरीच्या माइकवर गेट बंदच ठेवावे, नाहीतर हळू सुरुवात करणाऱ्या वक्त्याचा पहिला शब्द गिळला जातो.

कॉम्प्रेसर लावला म्हणून आवाज कायद्यात बसला असे समजू नये. उलट, भरून काढलेल्या आवाजाने सरासरी वाढते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. वस्तीची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तेथे हिशेब ६५ चा.

पेटी घेताना ती आपल्याच मिक्सरवर, आपल्याच माइकवर लावून पाहावी. बायपास दाबून आणि सोडून ऐकावे, पण दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी करून. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते. बटणे फिरवताना खरखर होते का, दोन्ही चॅनल सारखे चालतात का हे पाहावे. मागे +४ आणि −१० असे लेव्हलचे बटण असल्यास ते मिक्सरप्रमाणे लावावे. सेकंडहँड माल अमेरिकेतून आलेला असेल तर पाठीवर व्होल्टेज वाचल्याशिवाय पिन खोचू नये; ११५ व्होल्टची पेटी आपल्या २३० वर लावली की धूर निघतो, आणि तो माल कोणी परत घेत नाही.